धुरपदाचं फोल्डर

चिंचवस्तीच्या पेठेत मेहमूद शेख यांचा फोटो स्टुडिओ आहे. दहा बाय बाराची खोली, मागच्या भिंतीला निळा पडदा, पुढे एक टेबल. भाद्रपदातल्या रणरणत्या उन्हात त्या खोलीसमोर दीडेकशे माणसं रांगेत उभी होती. बायकांच्या हातात नारळ आणि खण, कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर, दारात चपलांचा ढीग. आत टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या कीबोर्डवर हळदीकुंकू सांडलेलं, माऊसला झेंडूची माळ. स्क्रीनच्या मधोमध पिवळ्या रंगाचं एक फोल्डर आणि त्याखाली नाव, धुरपदा.

"एकदा पुसून दावा की वं मेहमूदभाई," रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "मी लई लांबनं आलीया."

मेहमूदभाई सकाळपासून हेच करत होते. त्यांनी फोल्डरवर माऊस नेला आणि डिलीट दाबलं. पडद्यावर इंग्रजी चौकट उमटली.

"न्हाई जात! बघा, न्हाई जात!" गर्दीत एकच गलका झाला. "आत्मा हाय तिचा आतमंदी. पुसून पुसती व्हय?"

त्या चौकटीत काय लिहिलं होतं ते सांगते. हे फोल्डर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे, तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. एवढंच. रांगेत बारावी झालेले पन्नास तरी असतील, दोन बीकॉम मी स्वतः ओळखत होते. पण चमत्कार बघायला आलेला माणूस हात आधी जोडतो. 'कान्ट' एवढा एक शब्द वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

धुरपदा माझी धाकटी बहीण. तिला आमच्या आजीचं नाव मिळालं, मला मावशीनं हौसेनं अनुपमा हे शहरी नाव ठेवलं. मी दौंड जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल विभागात टेक्निशियन आहे. आमच्याकडे गाडी तीन मिनिटं उशिरा गेली तरी कारण लिहावं लागतं आणि 'दैवाची इच्छा' असा रकाना आमच्या रजिस्टरात नाही. माझा स्वभाव तिखट आहे असं सगळी कॉलनी म्हणते. खरं आहे ते.

मी आले होते ती आईला न्यायला. माझी आई दगडाबाई चार दिवसांपासून त्या कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर बसून होती. मी खांद्यावर हात ठेवला तरी तिनं वळून पाहिलं नाही.

"अनू, बघ," ती म्हणाली. "समदे म्हणत्यात जा, जा. पर माझी पोर जात न्हाई."

मला त्या फोल्डरचा, त्या गर्दीचा आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी आईचाही संताप आला.

धुरपदा गेली नागपंचमीला. चिंचवस्तीत विक्रमला दिली होती तिला, सहा वर्षं झाली होती. नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, शेतात विळा-कुदळ घालायची नाही असा दंडक आहे. पण म्हशीला पंचमी कळत नाही. सकाळी चारा नव्हता म्हणून धुरपदा उसाच्या बांधावर गवत कापायला गेली आणि तिथं तिला घोणस चावली. विक्रमनं तिला उचलून आपल्या पिकअपमध्ये घातलं. शिरूरचं सरकारी रुग्णालय तिथून अठ्ठावीस मिनिटांवर. पण गावाची वेस ओलांडायच्या आधी सावळाराम आप्पाचा मठ लागतो.

हा आप्पा वीस वर्षांपूर्वी कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यात हेल्पर होता. तिथून नोकरी गेली, पण इंग्रजी शब्द तेवढे सोबत आले. मग त्यानं दाढी वाढवली आणि अंगात नागदेव आणला. "शरीर म्हंजी हार्डवेअर, आत्मा म्हंजी सॉफ्टवेअर, आन् वरचं सर्व्हर आपल्याकडं हाय," असं तो बोलायचा आणि पदवीधर पोरंसुद्धा टाळ्या वाजवायची.

आम्हाला सांगण्यात आलं ते असं. धुरपदाला मठात आणलीच उशिरा. आप्पांनी पाच मिनिटांत अंगारा लावून स्वतःच सांगितलं, दवाखान्यात न्या. पण तिनं पंचमीला विळा धरला होता, नाग कोपला होता, तिथं कुणाचं काय चालणार? ती वाटेतच गेली. विक्रमनंही मान खाली घालून हेच सांगितलं. सव्विसाव्या वर्षी मेली ती मेली, वर दोषही तिच्याच माथी. तेराव्याला आलेल्या बायका माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होत्या, "सण पाळाय नको का बाईच्या जातीनं?" त्यातल्या एकीएकीचं तोंड मला आठवतं.

दुपारी मेहमूदभाईंनी रांग थांबवली. त्यांच्या घरच्या तहमीनाभाभी आईला मागच्या खोलीत जेवायला घेऊन गेल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मेहमूदभाई, माझ्या बहिणीच्या नावाचं फोल्डर तुमच्याकडं कशाला?"

ते स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला.

"ताई, खोटं न्हाई बोलणार. नागपंचमीला आप्पांच्या मठात माझी शूटिंगची ऑर्डर होती. कार्यक्रम चालू व्हायच्या आत तुमची बहीण आली. आप्पा म्हणाले, कॅमेरा बंद करू नको, विष उतरताना जगाला दिसू दे, चॅनेलवर टाकू. म्या चालूच ठेवला. संध्याकाळी पुतण्यानं, कैफनं, कार्ड कॉम्प्युटरमधी उतरवलं आन् एडिटिंगला लावलं. मंग कळलं ती वारली. म्या म्हणलं, आता ह्याला आप्पांचं नाव कसं द्यावं? तिचंच नाव दिलं. कैफ दुसऱ्या दिवशी चाकणला कंपनीत लागला. ते काम तसंच राहिलं."

"आणि पुसायला कुणी सांगितलं?"

"आप्पांनीच. पंधरा दिवसांनी सोता आले हितं. म्हणले, माझ्यासमोर पुस. दुकानात चार गिऱ्हाइकं. म्या दाबलं डिलीट, तर हे असं. धा येळा दाबलं. आप्पाचं तोंड पांढरं पडलं, ताई. त्या चौघांनी बघितलं आन् गावात बोंब झाली, धुरपदा आप्पाला सोडत न्हाई म्हणून."

"कार्डावर शिल्लक आहे का काही?"

"कार्डावर तवापासनं सात कार्यक्रमांचं शूटिंग झालं. हाय ते एवढंच हाय." त्यांनी चष्मा परत चढवला. "ताई, मला पुसायला नको होतं. पर म्या पुसायला बसलो होतो. आप्पांनी नुसतं बोट दाखवलं तर माझ्या दुकानात कोण पाऊल ठेवील?"

मी दुसरं स्टूल ओढलं. स्क्रीनच्या अगदी खालच्या पट्टीत एक बारीक चौकोन होता, आखडून ठेवलेल्या प्रोग्रॅमचा. त्याच्यावर क्लिक केलं आणि एडिटिंगचा प्रोग्रॅम पसरून पुढे आला. त्यात तीच फिल्म उघडी होती. कैफनं लावून ठेवली होती तशीच.

"हे तुम्ही कधी बंदच केलं नाही?"

"म्या पासपोर्ट फोटोपुरता माणूस, ताई. हे कैफचं खातं."

"पण रोज कॉम्प्युटर बंद करताना?"

"बंद करतो की रोज." त्यांनी हात पुढे करून मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. टेबलाखालचा सीपीयूचा डबा मात्र गुरगुरतच राहिला.

मी खाली वाकले. डब्याची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती आणि त्या प्लगला लाल दोऱ्याचे सात वेढे घालून त्यात एक वाळलेलं लिंबू अडकवलेलं होतं.

"ते आप्पांनी बांधलंय," मेहमूदभाई म्हणाले. "गेल्या खंडेनवमीला. पेठेतल्या समद्या दुकानांना बांधलं. म्हणले, हा दोरा हलला तर लक्ष्मी उठून जाईल. मंग म्या खालून कधी बंदच न्हाई केला. लाइट गेली तर इन्व्हर्टर हाय."

मी हसत सुटले. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा. ज्या पुराव्याची राख करायला आप्पा तडफडत होता, त्या पुराव्याला त्यानंच आपल्या हातानं दोरा बांधून राखलं होतं. डबा बंद झाला नाही म्हणून प्रोग्रॅम बंद झाला नाही. प्रोग्रॅम बंद झाला नाही म्हणून फोल्डर हलेना. शिकाऊ पोराला विचारलं तरी सांगेल इतकी साधी गोष्ट.

मग मी ती फिल्म पाहिली. पळवत पळवत, पण पाहिली. आप्पाच्या गादीमागं भिंतीवर घड्याळ होतं. भक्तांना विकतो तेच, तबकडीवर त्याचाच आशीर्वाद देणारा फोटो असलेलं. धुरपदाला आत आणलं तेव्हा त्यात नऊ चाळीस झाले होते. बाहेर नेलं तेव्हा बारा पन्नास. तीन तास दहा मिनिटं. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि आप्पा ढोलाच्या तालावर ओरडत होता, "बघा, बघा, विष डाउनलोड होतंय!" विक्रम दोनदा उठला. "आप्पा, नेऊ द्या की दवाखान्यात," म्हणाला. दोन्ही वेळा आप्पाच्या माणसांनी त्याला दाबून बसवला. तिसऱ्यांदा तो उठला नाही.

मी पेन ड्राइव्हवर फिल्म उतरवून घेतली. आता नुसता तो प्रोग्रॅम बंद केला असता तर तिथल्या तिथे चमत्कार संपला असता. मी तो बंद केला नाही. होता तसा आखडून पुन्हा खालच्या पट्टीत सारला.

"ताई?" मेहमूदभाईंनी विचारलं.

"राहू द्या. कुणाला काही बोलू नका."

मी पोलिसांत जाऊ शकत होते, त्याच दुपारी. पण मला तो चारचौघांत हवा होता. गावातली बोंब मिटवायला आप्पानं जाहीर केलं होतं की सर्वपित्री अमावस्येला भर दुपारी, पेठेत, साऱ्या गावासमोर तो धुरपदाला मुक्ती देऊन फोल्डर पुसून दाखवणार. लग्नात लावतात तो मोठा टीव्ही कॉम्प्युटरला जोडायचा, म्हणजे सगळ्यांना दिसेल, असा त्याचा हुकूम होता. म्हटलं, कर तयारी. त्याच टीव्हीवर तुझं घड्याळ दाखवते. अमावस्येला आठ दिवस होते. आई तिथून हलायला तयार नव्हती, तिला तहमीनाभाभींच्या हवाली करून मी दौंडला परत गेले.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते हे मी लपवत नाही. रोज मेहमूदभाईंचा फोन यायचा. आप्पा जेवत नाही. आप्पा मठात एकटा झोपत नाही. पाल चुकचुकली तरी दचकतो. अंगात नागदेव आणणारा माणूस स्वतःच भुताला भ्याला होता आणि मी सिग्नलचे रिले पुसता पुसता गाणं गुणगुणत होते. रांग वाढल्याचंही ते सांगायचे, पण ते मी कानावरून जाऊ दिलं.

अमावस्येला पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. स्टुडिओसमोर मांडव, ताशा, टीव्हीवर धुरपदाचं फोल्डर ताटाएवढं मोठं. आई पहिल्या रांगेत. विक्रम कडेला पिकअपला टेकून उभा, दाढी वाढलेली. मी पेन ड्राइव्ह मुठीत धरून दारापाशी उभी होते.

आप्पा आला. भगवी शाल, गळ्यात माळा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पण तोंड तेच.

"भक्तांनो, ही एरर न्हाई! ही एंट्री हाय, परलोकातली! लेकीचा आत्मा हितं हँग झालाय. म्या तिला रीस्टार्ट देणार हाय. ज्यांच्या मनात शंका हाय त्यांनी भाईर जावं, नेटवर्क तुटतं!"

'रीस्टार्ट' हा शब्द त्याच्या तोंडावर होता आणि उत्तर तेच होतं. अजून थोडा चढू दे, म्हटलं. जितका वर चढेल तितका जोरात पडेल.

तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. गर्दी दुभंगली. चौघांनी एका माणसाला झोळीत घालून आणलं होतं. हनुमंत, उसात पाणी द्यायला जाणारा. त्याचा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता. त्याची बायको साखरबाई ऊर बडवत पुढे आली.

"घोणस! पाटाकडंला चावली! धुरपदाक्का, तूच वाचीव गं माझ्या धन्याला!"

मला क्षणभर कळलंच नाही ती कुणाला हाक मारतेय. मग लोकच बोलू लागले. धुरपदा सापानंच गेली, तिला सापाचं विष कळतं. हात लावा त्याचा. डब्याला लावा. परवा कुणाचा तरी ताप तिनंच उतरवला म्हणे. चौघांनी हनुमंतला सरळ स्टुडिओत घेतलं, टेबलाखालच्या डब्याला त्याची पाठ टेकवली आणि त्याचे दोन्ही हात धरून ठेवले.

आप्पाचे डोळे लकाकले. आठ दिवसांचा भ्यालेला माणूस एका घटकेत पुन्हा महाराज झाला.

"आली! हाक ऐकली तिनं! कुणी हलवू नका त्याला. ताशा लावा. तिच्याच हातून विष डाउनलोड करतो!"

घड्याळात बारा सतरा झाले होते.

हे मी केलं होतं. आप्पानं नव्हे, मी. आठ दिवसांपूर्वी एक क्लिक केला असता तर हनुमंतला आज सरळ शिरूरला नेला असता. मला माझ्या बहिणीचा सूड हवा होता आणि त्याच्यापायी मी तिलाच दुसऱ्या माणसाला मारायला बसवलं होतं.

"त्याला दवाखान्यात न्या!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता! इंजेक्शन आहे तिथं!"

"व्हय बाजूला!" कुणीतरी मला ढकललं. साखरबाईनं माझे पाय धरले. "अक्का, तुमचीच भैन हाय आत. तिला काम करू द्या. पाया पडते."

तिला सांगून काय उपयोग होता? जोवर तो पडदा उजळलेला होता तोवर तिथून कुणी हलणार नव्हतं. मी वाकून टेबलाखाली शिरले. लाल दोरा, सात वेढे, वाळकं लिंबू. हातात धरलं आणि सगळ्यासकट ओढलं.

प्लग निघाला. डब्याची गुरगुर थांबली. मोठा टीव्ही निळा पडला, ताशा बंद झाला. सगळ्या पेठेत त्यानंतर एकच आवाज आला, माझ्या आईचा.

"मारलीस!" ती किंचाळली. "अनू, मारलीस माझ्या पोरीला!"

तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तेव्हा आईकडं बघायला वेळ नव्हता.

"गेली तुमची धुरपदा!" मी तुटका दोरा हातात धरून ओरडले. "आता आत कुणी नाही. आता तरी उचला त्याला! दाजी, गाडी!"

विक्रम तसाच उभा होता. आप्पाची दोन माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली, त्या दिवसासारखीच. त्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा हनुमंतकडं. मग त्यातल्या एकाला असा धक्का मारला की तो ताशावर जाऊन पडला. हनुमंतला त्यानं एकट्यानं खांद्यावर घेतला, गाडीत घातला, साखरबाईला आत ओढलं आणि गाडी सुटली. बारा तेवीस.

आता गर्दी माझ्यावर फिरली.

"मुक्ती मोडली हिनं!" आप्पानं माझ्याकडं बोट रोखलं. "आता गावावर कोप व्हणार! हिच्याच घराण्याचा दोष, पंचमीला विळा धरणाऱ्यांचा!"

"थांबा," मी म्हणाले. "कोप होतो का बघू. मेहमूदभाई, मी प्लग परत लावतेय."

तो डबा चालू व्हायला चार मिनिटं घेतो. ती चार मिनिटं मी बोलले. घरात कुणी झोपलेलं असताना त्याच्याखालचं अंथरूण काढता येत नाही, हे तुम्हाला कळतं ना? तसंच आहे हे. एक प्रोग्रॅम ह्या फोल्डरवर झोपला होता. मेहमूदभाई फक्त पडदा बंद करायचे, डबा नाही, कारण प्लगला ह्या महाराजांचा दोरा होता. म्हणून तो प्रोग्रॅम कधी उठलाच नाही. चौकटीत रोज हेच लिहून येत होतं. बीकॉमवाल्यांनो, तुम्ही वाचलं का?

पडदा उजळला. फोल्डर होतं तिथंच होतं. कुणीतरी हात जोडले. मी डिलीट दाबलं. चौकट आली नाही, फोल्डर नाहीसं झालं. मग मी कचऱ्याच्या टोपलीचं चित्र उघडलं आणि तिथून ते परत आणलं.

"बघा, गेली. बघा, आली. मेहमूदभाई, आता तुम्ही दाबा. आणखी कुणाला दाबायचं आहे?"

कुणीतरी खुसकन हसलं. एवढ्या दिवसांत त्या फोल्डरला कुणी हसलं नव्हतं.

"आप्पा, तुम्हाला पुसायचंच होतं ना हे? या, आता जाईल. मंत्रसुद्धा नको. पण त्याआधी आत काय आहे ते लोकांना बघू द्या."

"पोरी, मेलेल्या बाईची विटंबना करू नको," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या तोंडात पहिल्यांदाच इंग्रजी शब्द नव्हता.

मी फिल्म लावली. आवाज पूर्ण वर केला. नऊ चाळीस. साडेदहा. अकरा वीस. घड्याळावर आप्पा हसत आशीर्वाद देत होता आणि त्याच्या खाली माझी बहीण आडवी पडली होती. विक्रम उठला, दाबला. उठला, दाबला. बारा पन्नासला मी फिल्म थांबवली. पाच मिनिटांच्या अंगाऱ्याची गोष्ट प्रत्येकानं ऐकली होती. त्यातले कितीतरी जण त्या फिल्ममध्येच मागे मांडी घालून बसलेले दिसत होते, टाळ्या वाजवताना.

आई उठली. हळूहळू आप्पासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं त्याला मारेल. मला तेच हवं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "तीन तास?"

तो शाल सावरत मागे सरकला.

"तिनं पाणी मागितलं व्हतं का?"

त्यानं मान खाली घातली. आईनं त्याला हात लावला नाही. ती परत स्टुलावर येऊन बसली आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा मेलेल्या लेकीसाठी रडावं तशी रडली. मी तिच्याजवळ गेले तर तिनं माझा हात झिडकारला. थोड्या वेळानं तोच हात तिनं धरला.

एक वाजून दहा मिनिटांनी विक्रमचा फोन आला. बारा अठ्ठावन्नला हनुमंतला इंजेक्शन चढलं होतं. "अक्का, म्या त्या दिवशी तिसऱ्यांदा उठलो न्हाई," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुढं जबाब द्यायला तो स्वतःहून आला. चार दिवसांनी हनुमंत आपल्या पायानं घरी परतला.

आप्पा मागच्या बोळातून निघायला बघत होता. ज्या बायका तेराव्याला माझ्या आईला सण शिकवत होत्या, त्यांनीच त्याची शाल धरून ठेवली. मी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत सोडली नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्याला जीपमध्ये बसवताना मी समोर उभी राहून पाहत होते. मन भरेपर्यंत पाहिलं. वाईट वाटलं का? नाही वाटलं.

वाईट वाटतं ते त्या आठ दिवसांचं. नंतर मी चिंचवस्तीत घरोघर फिरले, त्या रांगेत पोर घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना विचारत. एका पोराचा ताप टायफॉइड निघाला, आठ दिवस अंगावर काढलेला. वाचलं ते. त्याच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. तिनं मला दारातूनच परत पाठवलं, आणि तिचं बरोबर होतं. भूत आपल्या बाजूनं बोलत असलं तरी ते खोटंच असतं. मी जर त्या खोट्यावर आप्पाला पाडलं असतं, तर उद्या दुसरा आप्पा त्याच खोट्यावर उभा राहिला असता.

म्हणून ज्यांनी इथवर वाचलं त्यांना हात जोडून सांगते. साप चावला तर मठ नको, दोरा नको. घड्याळ बघा आणि गाडी काढा. मशीन अडलं तर चौकटीतलं वाक्य शेवटपर्यंत वाचा. कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

फिल्मची एक प्रत आता कोर्टात आहे. मेहमूदभाईंनी जबाब दिला आणि त्यांचं दुकान चालू आहे, गिऱ्हाईक तुटलं नाही. पेठेतल्या साऱ्या दुकानांच्या प्लगचे दोरे लोकांनी आपापल्या हातानं कापले. तो जुना कॉम्प्युटर रोज संध्याकाळी सातला खालून बंद होतो आणि सकाळी नऊला चालू होतो. अजून कुणाची लक्ष्मी उठून गेलेली नाही.